सूपमधल्या पहिल्या माशीचा इतिहास

दुपारच्या जेवणाची वेळ होती. खिडकीजवळच्या टेबलावर सुपाचा वाडगा नुकताच येऊन टेकला होता, आणि त्यात एक माशी पडली. बस्स, एवढंच झालं. कुठे घंटा वाजली नाही, कुणी उठून उभं राहिलं नाही. शेजारच्या टेबलावरचा मनुष्य पावाला लोणी लावत होता, तो लावतच राहिला. कोणता राजा कोणत्या लढाईत घोड्यावरून पडला हे इतिहासकारांनी बारीक अक्षरांत लिहून ठेवलं आहे. पण ज्या घटनेमुळे आज आगगाडीत, दाढीच्या दुकानात आणि कंटाळवाण्या सभांच्या मागच्या रांगेत माणसं पोट धरून हसतात, तिच्या वेळी एकही इतिहासकार हजर नव्हता. हजर होता तो एक बटणांचा फिरता विक्रेता, आणि तोही वैतागलेला.

'वेटर, माझ्या सूपमध्ये माशी आहे' या जातीचा विनोद न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. गिऱ्हाईक चिडून माशी दाखवतं, वेटर शांतपणे काहीतरी बोलतो, आणि ऐकणारे हसतात. आज हे फार सोपं वाटतं. पण जरा विचार करा. सूप आणि माशी यांची ओळख आजची नाही. माणसानं चूल पेटवली आणि पातेलं उघडं ठेवलं, तेव्हापासूनची आहे. इतकी वर्षं माशा पडत होत्या आणि कुणालाही हसू आलं नव्हतं. गिऱ्हाईक ओरडायचं, मालक हात जोडायचा, वाडगा बदलला जायचा आणि प्रकरण मिटायचं. एवढा मोठा विनोद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तरंगत होता आणि कुणाला तो दिसला नाही. याचं मला अजूनही राहून राहून नवल वाटतं.

ते उपाहारगृह लहानसंच होतं. मोजकी टेबलं, भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ, छताला एक बंद पडलेला पंखा. स्वयंपाकघराच्या भिंतीत ताटं पुढे सरकवायला एक चौकोनी झरोका होता. झरोक्याच्या बाहेर मालकांचं राज्य आणि आत वहिनींचं. वहिनी म्हणजे मालकांच्या दिवंगत मोठ्या भावाची बायको. गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणत, आणि बहुतेकांनी त्यांचा फक्त हातच पाहिला होता, तोही झरोक्यातून वाडगा पुढे करताना. त्यांचं भाज्यांचं दाट सूप प्यायला लोक लांबून येत. ते सूप नसतं, तर त्या जागेत मालकांनी आणि बंद घड्याळानं एकमेकांकडे बघत बसायचं एवढंच उरलं असतं.

आणि वहिनी स्वच्छतेच्या बाबतीत भयंकर होत्या. पळी उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय पातेल्यात जायची नाही. पातेल्यावर झाकण, झाकणावर फडकं. एकदा कुणाच्या तरी वाडग्यात दोऱ्याचा तुकडा निघाला, तर वहिनींनी पळी खाली ठेवली आणि त्या सरळ बहिणीच्या घरी निघून गेल्या. मग मालकांनी स्वतः सूप करून पाहिलं. ते ज्यांनी प्यायलं ते लोक अजूनही रस्त्यात भेटले की मालकांकडे जरा दयेनं बघतात. शेवटी दोरा मालकांच्याच बाहीचा निघाला. ती उसवलेली बाही पुरावा म्हणून हातात घेऊन मालक बहिणीच्या दारात उभे राहिले, तेव्हा कुठे वहिनी परत आल्या.

"भाऊजी," येता येता त्या म्हणाल्या, "या वेळी दोरा होता म्हणून आले. उद्या माझ्या सूपमध्ये काही जिवंत निघालं ना, तर पळी जी खाली ठेवीन ती कायमची. मग तुम्ही बाही आणा, नाहीतर अख्खा सदरा आणा."

मालकांनी ते मनात कोरून ठेवलं होतं. त्यामुळे खिडकीजवळ बटणवाल्याचा आवाज चढला तेव्हा त्यांनी आधी झरोक्याकडे पाहिलं.

"वेटर!" बटणवाला गरजला. सकाळपासून त्याचं एकही बटण खपलं नव्हतं. कुणावर तरी ओरडायचं हे त्यानं सूप यायच्या आधीच ठरवलं असावं. "वेटर! ही माशी माझ्या सूपमध्ये काय करतेय?"

आता इथे दुसरा कुठलाही वेटर असता, तर त्यानं माफी मागून वाडगा उचलला असता आणि आपण सगळे एका विनोदाला मुकलो असतो. पण तिथे गंभीरराव होते. गंभीरराव हे त्यांचं नाव नव्हे. पण त्यांना हसताना कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून ते पडलं आणि चिकटलं. तरुणपणी ते ज्या मोठ्या हॉटेलात शिकले, तिथल्या मुख्य वेटरनं त्यांना एकच नियम घालून दिला होता. गिऱ्हाईक विचारेल त्याचंच उत्तर द्यायचं, आणि बघितल्याशिवाय द्यायचं नाही. पाव ताजा आहे का असं विचारलं, तर गंभीरराव आत जाऊन, पाव दाबून बघून मगच बाहेर येत. बाहेर पाऊस आहे का असं विचारलं, तर ओले होऊन येत.

गंभीरराव टेबलाशी आले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो डोळ्यांवर चढवला आणि ते वाडग्यावर वाकले. ते बघत राहिले. बटणवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू सगळी खोली बघायला लागली. लोणी लावणाऱ्याची सुरी हवेत थांबली.

"फेऱ्या मारतेय, साहेब," गंभीरराव शेवटी म्हणाले. "कडेकडेनं. बाहेर पडायची वाट सापडत नाहीये, असं दिसतं."

खोलीत शांतता पसरली. भली मोठी शांतता. त्या शांततेतून काय बाहेर येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण याआधी तसं काही झालंच नव्हतं. बटणवाल्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून जी शिवी बाहेर पडायची ती अडकली. तिच्या जागी एक विचित्र आवाज आला, मग दुसरा, आणि मग तो माणूस टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. लोणीवाला हसला. भिंतीकडे तोंड करून जेवणारे एक आजोबा मागे वळून हसले. वाडग्यातल्या चिमूटभर जिवाकडे बघून माणसं पहिल्यांदाच हसत होती. मी तिथे असतो, तर माझ्या अंगावर काटा आला असता.

फक्त गंभीररावांना काही कळलं नाही. आपण चुकीचं तर पाहिलं नाही ना, म्हणून त्यांनी पुन्हा वाकून खात्री करून घेतली. मग चमच्यानं माशी अलगद उचलून खिडकीच्या चौकटीवर ठेवली. तिनं पंख झाडले, जरा वेळ ऊन खाल्लं आणि ती जी उडाली ती मागे वळूनही न बघता रस्त्यापलीकडे नाहीशी झाली.

आत पातेलं खदखदत होतं, त्यात शब्द बुडाले आणि हसणं तेवढं आत पोचलं. "भाऊजी," झरोक्यातून वहिनींचा आवाज आला, "कोण हसतंय?"

"लोक, वहिनी."

"कशाला?"

"जेवण आवडलं म्हणून."

"जेवण आवडलं की लोक हसतात?"

"हल्ली हसतात," मालक म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

बटणवाला गावोगाव हिंडणारा माणूस. ज्या दुकानात जाईल तिथे पेटी उघडायच्या आधी तो ही हकीकत सांगायचा. बटणं तीच होती, पण आता दुकानदार आधी हसायचे आणि मग बटणं घ्यायचे. दुकानदारांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, गिऱ्हाइकांनी घरी सांगितलं. एक ओलीचिंब माशी बघता बघता कुठल्या कुठे जाऊन पोचली.

आणि मग माणसं यायला लागली. टेबलं भरली. दाराबाहेर रांग लागली. प्रत्येकजण सूप मागवायचा, वाडग्यात निरखून बघायचा, चमच्यानं तळ ढवळायचा आणि हिरमुसला व्हायचा. शेवटी एका आडव्या अंगाच्या कंत्राटदाराला राहवलं नाही.

"वेटर," तो म्हणाला, "माझ्या सूपमध्ये माशी नाही."

गंभीररावांनी चष्मा लावला आणि पाहिलं. "नाही, साहेब."

"का नाही?"

गंभीररावांनी पुन्हा पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. "अजून आलेली नाही."

खोली हादरली. कंत्राटदाराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हणजे माशी नसतानाही विनोद चालत होता! इतिहासातलं हे केवढं मोठं पाऊल आहे याची जाणीव त्या वेळी कुणालाच नव्हती. कंत्राटदार तर नाक शिंकरत होता.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर घरूनच माशी घेऊन आले. काडेपेटीत. मालकांची पाठ वळताच त्यांनी ती वाडग्यात सोडली आणि हात वर केला.

"वेटर, ही काय करतेय?"

चष्मा. वाकणं. शांतता.

"काही नाही, साहेब. ही वारलीय."

"अरेरे! सूपमुळे?"

"नाही. पायाला काडेपेटीचा गुल लागलाय. घरीच गेली असणार."

मास्तर उभे राहिले. जन्मभर मुलांची उत्तरं तपासलेला तो माणूस, पण त्यांनी गंभीररावांना चक्क वाकून नमस्कार केला. गंभीररावांनीही परत नमस्कार केला, कारण कुणी नमस्कार केला की करायचा असतो. मग ती काडेपेट्यांची लाटच आली. दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यातून कापसात गुंडाळून माशी घेऊन आल्या.

"तुमच्या सूपमध्ये माशी आहे!" त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. तुमच्या सूपमध्ये आहे," गंभीरराव म्हणाले. "आमचं आत पातेल्यात आहे. झाकलेलं आहे."

एकेक उत्तर बाहेर पडायचं आणि लोक ते घरी न्यायला मिळालेल्या वस्तूसारखं जपून घेऊन जायचे. मालकांची अवस्था मात्र विचारू नका. एकीकडे टेबल रिकामं राहत नव्हतं, दुसरीकडे झरोका उघडा होता. 'माशी' हा शब्द एकदा जरी त्या चौकोनातून आत गेला असता, तरी पळी खाली आणि सगळा कारभार गुंडाळलेला. ते टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांच्या कानाशी लागायचे.

"हसा, पण तो शब्द नको. आमच्या वहिनींनी ऐकला तर सूप बंद. कायमचं."

सूप बंद म्हटल्यावर लोक घाबरले. त्यांनी आपसात एक खूण ठरवली. तोंडानं बोलायचं नाही, फक्त हात वर करून बोटं पंखांसारखी फडफडवायची. गंभीरराव यायचे, बघायचे, हलक्या आवाजात उत्तर द्यायचे, आणि अख्खं टेबल तोंडात रुमाल कोंबून गदागदा हलायचं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण एका दुपारी वहिनींनी सहज झरोक्यातून बाहेर डोकावलं आणि त्यांना काय दिसावं, तर खोलीभर माणसं लालबुंद चेहऱ्यांनी, डोळ्यांत पाणी आणून, तोंडाला रुमाल लावून हातानं वारा घेतायत.

"भाऊजी!" त्या कडाडल्या. "लोक उकाड्यानं अर्धमेले झालेत आणि तुम्ही तो पंखा दुरुस्त करत नाही! लाज नाही वाटत?"

"वहिनी, तसं नाही..."

"मग कसं आहे?"

कसं आहे ते सांगता येत नव्हतं. वहिनींनी स्वतःच वायरमनला बोलावणं धाडलं. त्यानं शिडी लावली, दोन तारा जोडल्या आणि पंखा सुरू झाला. त्याला वेग एकच होता, तो म्हणजे सगळा. टेबलावरचे रुमाल उडाले, आजोबांचे केस उभे राहिले, आणि काडेपेटी उघडण्याचं काम फार जोखमीचं होऊन बसलं.

नेमके त्याच वेळी आरोग्य खात्याचे निरीक्षक दारात उभे राहिले.

त्यांच्याकडे कुणी तक्रार केली नव्हती. तक्रार असती तर ती रीतसर फायलीत पडून राहिली असती. झालं होतं असं, की त्यांच्या मेहुण्यानं जेवताना त्यांना हा विनोद सांगितला. घरातले सगळे हसले. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "कुठलं हॉटेल?"

ते खिडकीजवळच्या टेबलावर बसले. पिशवीतून त्यांनी लाख काढली, मोहोर काढली, एक मोठं कुलूप काढलं आणि ते सगळं मिठाच्या डबीशेजारी नीट मांडून ठेवलं.

"एक सूप," ते म्हणाले. "आणि त्यात एक जरी माशी निघाली, तर आजपासून दाराला हे."

मालकांची पाचावर धारण बसली. खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. खिशात हात गेले, काडेपेट्या चाचपल्या गेल्या, नीट मिटल्या गेल्या. पण मास्तरांची काडेपेटी नुकतीच उघडली होती. ती मिटायच्या आत पंख्याचा झोत आला आणि आतली माशी उठली.

त्या माशीत जीव नव्हता हे लक्षात घ्या. तरीही ती उडाली. जिवंतपणी उडाली नसेल इतकी सुंदर उडाली. तिनं छताखाली एक मोठं वळण घेतलं, घड्याळाला प्रदक्षिणा घातली, आणि सगळ्या खोलीच्या डोळ्यांदेखत ती निरीक्षकांच्या वाडग्यात मधोमध उतरली. आवाजसुद्धा झाला नाही. आपण काहीतरी बघतो आहोत जे पुन्हा कधी दिसणार नाही, एवढं प्रत्येकाला कळलं होतं.

"वेटर," निरीक्षक म्हणाले. "हे काय आहे?"

"मिरी!" मालक मागून ओरडले. "मिरी असेल साहेब, काळी मिरी!"

"मी यांना विचारलंय."

गंभीररावांनी चष्मा लावला. त्यांच्या पाठीमागे मालक हात जोडत होते, मान हलवत होते, डोळ्यांनी मिरी मिरी म्हणत होते. गंभीररावांनी पाहिलं.

"माशी आहे, साहेब."

निरीक्षकांनी लाख उचलली. आणि मग, नोंदीत सगळं व्यवस्थित यावं म्हणून, त्यांनी तो प्रश्न विचारला. आपण काय विचारतो आहोत हे त्यांना कळलंही नाही.

"ही माशी माझ्या सूपमध्ये काय करतेय?"

खोलीनं तोंडात मुठी कोंबल्या.

"काही नाही, साहेब. चुकून आलीय," गंभीरराव म्हणाले. "ही मास्तरांच्या सूपमध्ये जायची होती. पंख्यानं इकडे आणली. पायाला गुल आहे, बघा."

"काय आहे म्हणालात सूपमध्ये?" झरोक्यातून आवाज आला.

त्यानंतर स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि हातात पळी घेऊन वहिनी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांना बाहेरच्या खोलीत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ज्यांनी फक्त हात पाहिला होता त्यांनी आता अख्ख्या वहिनी पाहिल्या, आणि न सांगता सगळे उभे राहिले. निरीक्षकही राहिले.

"कुणाच्या सूपमध्ये माशी?"

मग मास्तरांनी खाली मान घालून काडेपेटी टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी कापूस ठेवला. कंत्राटदारानं काडेपेटी ठेवली. शेवटी भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या आजोबांनीही खिशातून एक काढली, तेव्हा मालकांचा माणसांवरचा विश्वासच उडाला.

"तुम्ही घरून माशा आणता?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या सूपमध्ये टाकायला?"

"गंभीरराव काय म्हणतात ते ऐकायला, वहिनी," मास्तर म्हणाले. "सूप आम्ही नंतर दुसरं मागवून पितोच."

"स्वयंपाकघर बघावं लागेल," निरीक्षक म्हणाले आणि आत गेले.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचे बूट त्यांच्या हातात होते. ते बूट घालून आत गेले होते, पण आतल्या फरशीवर उभं राहिल्यावर त्यांना ते पायात ठेववले नाहीत.

"एका पातेल्याच्या बुडात मी माझा चेहरा पाहिला," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दाढी नीट झाली नव्हती." मग ते बसले आणि त्यांनी शेरा लिहून मोठ्यानं वाचून दाखवला. "या उपाहारगृहात स्वतःची एकही माशी नाही. येथे आढळणाऱ्या सर्व माशा गिऱ्हाइकांच्या खासगी मालकीच्या आहेत."

टाळ्या पडल्या. मालकांचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही, कारण वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या.

"आणि पहिली?" त्यांनी विचारलं. "ते लोक पहिल्यांदा हसले, त्या दिवशी? तेव्हा तर कुणाकडे काडेपेट्या नव्हत्या. गंभीरराव, ती जिवंत होती?"

"होती, वहिनी."

"माझ्या सूपमध्ये?"

"हो."

वहिनींनी पळी टेबलावर ठेवली. कुलुपाच्या शेजारीच. "मग झालं तर. भाऊजी, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"वहिनी, ती खिडकीतून आली होती!" मालक रडकुंडीला आले. "बाहेरची होती हो!"

"आतली की बाहेरची हे मी विचारलेलं नाही. शब्द म्हणजे शब्द." त्यांनी कमरेचं फडकं सोडलं, त्याची नीट घडी घातली आणि पळीवर ठेवली. त्यांचा चेहरा रागीट नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. दाराशी जाऊन त्या थांबल्या. "एकच सांगा, गंभीरराव. ती माझ्या सूपमध्ये मेली का हो? की उडून गेली?"

गंभीररावांचा हात सवयीनं वर गेला. पण चष्मा आधीच डोळ्यांवर होता. हात तिथे क्षणभर थांबला. मग गंभीररावांनी चष्मा काढला, त्याची घडी केली आणि तो खिशात ठेवून दिला.

"गेली नाही, वहिनी," ते म्हणाले. "मी तिला काढून खिडकीत ठेवली. तिनं पंख वाळवले आणि परत सुपाकडेच वळली. शेजारी साखर होती, लोणी होतं. तिकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. शेवटी मला हातानं हाकलावी लागली."

कुणी हसलं नाही. पंखा तेवढा फिरत होता. मास्तरांनी मान वर करून गंभीररावांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. वहिनी दारात उभ्याच होत्या. त्यांच्या सुपाला आजवर लोक 'छान', 'मस्त' असं बरंच काही म्हणाले होते. पण ती सगळी म्हणायची म्हणून म्हणणारी माणसं होती. पाव दाबून बघितल्याशिवाय ताजा न म्हणणाऱ्या माणसानं आजवर एक अक्षर काढलं नव्हतं.

"परत वळली?" त्यांनी विचारलं.

"परत वळली."

वहिनींनी जरा वेळ खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. मग त्या परत आल्या, फडकं कमरेला खोचलं आणि पळी उचलली. "पातेलं उतू जाईल," असं म्हणत त्या आत गेल्या. मालक जवळच्या खुर्चीत बसले. ती निरीक्षकांची होती आणि निरीक्षक तिच्यात आधीच बसलेले होते, पण दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

गर्दी ओसरल्यावर गंभीरराव उष्टे वाडगे घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी पळी पुसत होत्या.

"आज चष्मा काढून बोललात," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

गंभीरराव थांबले. "हो."

"का?"

विचारलेल्याचं उत्तर द्यायचं हा नियम होता. "लावून बोललो असतो, तर उद्या सूप मालकांनी केलं असतं."

वहिनींनी एक वाडगा धुतला, पुसला, सुपानं काठोकाठ भरला आणि गंभीररावांसमोर ठेवला. "बसा. प्या."

इतक्या वर्षांत गंभीररावांनी हजारो वाडगे लोकांपुढे ठेवले होते. त्यांच्यापुढे कुणी ठेवला नव्हता. ते बसले, त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"कसं झालंय?"

गंभीररावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ते वाडग्यावर वाकले. बराच वेळ बघत राहिले. तिसरा घोट घेतला.

"मीठ कमी आहे."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. स्वयंपाकघरात शांतता पसरली, अगदी त्या पहिल्या दिवशी बाहेर पसरली होती तशीच. मग त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, मग दुसरा, आणि त्या ओट्याला धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या हातातून पळी सुटली आणि त्यांनी ती उचललीसुद्धा नाही.

बाहेर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवणाऱ्या मालकांचे हात थांबले. ते धावत झरोक्याशी आले.

"वहिनी! कोण हसतंय?"

"मी."

"कशाला?"

"जेवण आवडलं नाही म्हणून," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांनी मिठाची बरणी पुढे ओढली.